मार्टिन्सव्हिलची पिकअप ट्रकची शर्यत आणि आमचे अण्णा

कृष्णाकाठ :

गोष्ट २०२५ च्या मार्चमधली. लिहीन लिहीन म्हणत राहून गेली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, तीन महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोला आले होते. सगळी हयात कराड ते वाशी भाजीचा ट्रक चालवण्यात गेली. इथे आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात माणूस कोमेजला. चालत जावं असं दुकान नाही, पारावर बसावं तर पार नाही. आमच्या गाडीत बसले आणि म्हणाले, "हिला गेरच न्हाई? मग डाव्या पायानं करायचं काय?"

शेवटी नवरा म्हणाला, तासाभरावर व्हर्जिनियात मार्टिन्सव्हिल आहे, शुक्रवारी रात्री तिथे नॅस्कारची, म्हणजे इथल्या मोटार शर्यतींच्या संस्थेची, ट्रकची शर्यत आहे, घेऊन जाऊ. मला वाटलं अण्णा नाही म्हणतील. तर ते सकाळी दहालाच टोपी घालून तयार. शर्यत संध्याकाळी साडेसातची.

मार्टिन्सव्हिल हा नॅस्कारच्या सगळ्यात छोट्या ओव्हलपैकी, म्हणजे लंबगोल ट्रॅकपैकी, एक. १९४७ पासूनचा, नॅस्कारपेक्षाही जुना. एक फेरी ०.५२६ मैल, म्हणजे साडेआठशे मीटरही नाही. कागद अडकवायची यू-पिन असते ना, अगदी तसा आकार. दोन लांबट सरळ पट्टे आणि टोकांना करकचून वळणं. पलीकडच्या पट्ट्यामागून रेल्वेचे रूळ जातात. आत खायचं न्यायला परवानगी आहे म्हणून मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. इथला लालभडक हॉटडॉग फार प्रसिद्ध आहे, पण अण्णा माळकरी. त्यांनी तो नुसता लांबून बघितला आणि "रंग लई दिलाय" म्हणून विषय संपवला.

ट्रक रांगेने बाहेर आले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न : "माल कुठाय?" मागचा हौदा पत्र्याने झाकलेला. दारं नाहीत, चालक खिडकीतून आत शिरतो. दिवे रंगवलेले. माझा अंदाज होता की ते पाच मिनिटांत कंटाळणार.

मग तीसहून जास्त व्ही-एट इंजिनं एकदम गरजली. आवाज कानात नाही, छातीत बसतो. कानावर लावायचे मफ आणले होते, अण्णांनी ते काढूनच टाकले. मी दटावल्यावर परत लावले. आम्ही भाड्याने स्कॅनर घेतला होता, त्यात चालकाचं आणि त्याच्या स्पॉटरचं बोलणं ऐकू येतं. स्पॉटर म्हणजे स्टँडच्या छपरावर उभा राहून "डावीकडे आहे, अजून आहे, अजून आहे, मोकळं" असं सांगणारा माणूस. चालकाला मागचं-बाजूचं फारसं दिसतच नाही. मी हे समजावून सांगितल्यावर अण्णा खूश : "म्हंजी किन्नर वर बशिवलाय!" ज्यांनी घाटात ट्रक मागे घेताना "यूं द्या, यूं द्या" करत पत्र्यावर थापा मारणारा किन्नर, म्हणजे ट्रकचा क्लीनर, बघितलाय, त्यांना पुढचं सांगायला नको.

अंधार पडला आणि खरी मजा दिसली. वळणाच्या तोंडाशी प्रत्येक ट्रकच्या पुढच्या चाकात निखारा फुलायचा. ब्रेकची चकती तापून केशरी होते. वळण संपलं की विझते, पुढच्या वळणाला पुन्हा फुलते. एक फेरी जेमतेम वीस सेकंदांची, म्हणजे दर दहा सेकंदांना एकदा, अशा २०० फेऱ्या. अण्णा उठून कठड्याशी गेले आणि शेवटपर्यंत बसलेच नाहीत. थोड्या वेळाने बोट दाखवून म्हणाले, "त्यो निळा बघ. लई लवकर पाय देतोय आन् लई वेळ दाबून धरतोय. खंबाटकीत असली मी दहा पाहिलीत. ह्याचा पाय शेवटाला तळाला जाणार."

निळा पुढे खरंच मागे मागे पडत गेला. ब्रेकमुळेच की आणखी कशाने, मला काय कळणार. पण अण्णांचा चेहरा बघण्यासारखा होता.

शर्यत डॅनियल हेमरिकने जिंकली. नॅस्कारच्या ट्रक मालिकेतला त्याचा पहिलाच विजय. इथे करंडक देत नाहीत, माणसाच्या उंचीचं लंबकाचं घड्याळ देतात. ही प्रथा १९६४ पासूनची.

कुणी गेलंय का इथे अशा शर्यतींना? अनुभव सांगा.

आंबोळी_४११ :

रुमाल टाकून ठेवते. किन्नर वाचून चहा सांडला.

खवट_शेजारी :

लेख छान, अण्णा त्याहून छान. पण शर्यत म्हणून यात काय आहे ते मला आजवर कळलेलं नाही. गोल गोल राणी, इत्ता इत्ता पाणी. डावीकडे वळा, परत डावीकडे वळा. फॉर्म्युला वनमध्ये मोनॅकोला एकोणीस वळणं आहेत. इथे दोन टोकं. आणि ट्रक म्हणायचं तर त्यात ट्रकचं काहीच नाही, तुम्हीच लिहिलंय की दिवेसुद्धा रंगवलेले.

नटबोल्ट_चाकण :

खवटराव, 'ट्रकचं काहीच नाही' हे मात्र चूक. गंमत अशी की जे ट्रकचं आहे ते पत्र्याखाली लपलेलं आहे. या गाड्यांच्या मागच्या अॅक्सलला धरणारे जे दोन लांब दांडे असतात त्यांना ट्रक-आर्मच म्हणतात. साठच्या दशकातल्या शेव्हर्ले पिकअपमधून ती रचना उचलली गेली आणि नॅस्कारच्या मोटारींनीही अनेक दशकं वापरली. नॅस्कारच्या सर्वांत वरच्या मोटारींच्या मालिकेने, म्हणजे कप मालिकेने, २०२२ मध्ये नवी गाडी आणून ती सोडली. ट्रकनी सोडलेली नाही. चाकालाही अजून पाच नट आहेत, कपसारखा मधोमध एकच नाही.

आता डावीकडे वळण्याबद्दल. सलग अॅक्सलची गाडी गोलात फिरते तेव्हा बाहेरच्या, म्हणजे उजव्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. म्हणून उजवीकडचे टायर घेराने किंचित मोठे बसवतात. चहाचा कागदी कप टेबलावर आडवा करून ढकला, तो सरळ जात नाही, गोल फिरतो. गाडी तशीच आपण होऊन डावीकडे ओढते. यामुळे वळण सोपं जातं आणि सरळ पट्ट्यावर चालकाला स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरावं लागतं. पिटमध्ये, म्हणजे शर्यतीत मध्येच टायर बदलायला थांबतात तिथे, एक जण मागच्या काचेतून लांब पाना घालून अर्धा-एक फेरा फिरवतो, ते तुम्ही पाहिलं असेल. त्याने एका कोपऱ्यातल्या स्प्रिंगवरचा भार बदलतो, तिरक्या जोडीच्या चाकांवर वजन कमी-जास्त होतं. अर्ध्या फेऱ्यात गाडी वळायला लागते किंवा वळेनाशी होते.

आणि सगळे ओव्हल एक नाहीत. फ्लोरिडातल्या डेटोनाला अडीच मैलांची फेरी आणि वळणांना बाहेरून आत ३१ अंशांचा उतार. तिथे ब्रेकला कुणी शिवत नाही, सगळा खेळ वाऱ्याचा. पुढच्याच्या सावलीत राहायचं आणि वेळ साधून बाहेर पडायचं. ट्रकचं तोंड भिंतीसारखं असल्याने हवेत भोकही मोठं पडतं. मार्टिन्सव्हिलला उतार फक्त १२ अंशांचा, म्हणून ब्रेक दाबून वेग कमी करावा लागतो आणि म्हणून तो निखारा. अण्णांना जे पहिल्या तासात दिसलं ते कळायला मला तीन वर्षं लागली.

खवट_शेजारी :

कप ढकलून बघितला. फिरला. टेबलावर चहा सांडला ते वेगळं. मुद्दा मान्य, आवड अमान्य.

सातवा_गिअर :

मार्टिन्सव्हिल म्हटल्यावर नारायण कार्तिकेयनचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? मार्च २०१०, हाच ट्रॅक, हीच मालिका. फॉर्म्युला वन चालवलेला आपला पहिला माणूस ६० नंबरचा ट्रक घेऊन उतरला आणि १३ वा आला. ओव्हलवर पहिलीच ट्रक शर्यत, तीही इतक्या चिंचोळ्या ट्रॅकवर, जिथे मागचा खुशाल ढोसतो. त्या मोसमात तो नऊ शर्यती खेळला.

त्याहून भारी म्हणजे मोसमाच्या शेवटी चाहत्यांच्या मतदानात तो मालिकेतला सर्वांत लोकप्रिय चालक ठरला. मी तेव्हा हिंजवडीत होतो. आमच्या मजल्यावर अर्ध्या लोकांना नॅस्कार म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण मत द्यायचं म्हटल्यावर सगळे तयार. कँटीनमध्ये लिंक फिरत होती. पुढच्या वर्षी तो एचआरटी संघाकडून परत फॉर्म्युला वनला गेला आणि आम्हीही विसरलो. अमेरिकन चाहत्यांना त्या निकालाबद्दल काय वाटलं असेल, हा विचार तेव्हा मनात आला नाही. आज येतो.

आंबोळी_४११ :

नऊ शर्यती खेळून सर्वांत लोकप्रिय! आपण ठरवलं तर काय करू शकतो बघा. फक्त रस्त्यातला खड्डा तेवढा बुजवता येत नाही.

डेट्रॉइटचा_बाळ्या :

मी ही मालिका बरीच वर्षं बघतोय, थोडा इतिहास टाकतो. कॅलिफोर्नियाकडच्या वाळवंटात ट्रक पळवणाऱ्या काही जणांच्या डोक्यातून ही कल्पना निघाली, १९९४ मध्ये डेटोनाला नमुना दाखवला आणि १९९५ च्या फेब्रुवारीत फिनिक्सला पहिली शर्यत झाली. माईक स्किनर जिंकला, त्या वर्षीचं अजिंक्यपदही त्याचंच. सुरुवातीला पिट स्टॉपऐवजी चक्क मध्यंतर असायचं, फुटबॉलसारखं. बऱ्याच छोट्या ट्रॅकवर नीट पिट रोडच नव्हता आणि टायर बदलणारी पगारी फौज छोट्या संघांना परवडणारी नव्हती. मध्यंतरात टीव्हीवाले चालकाच्या तोंडासमोर माइक धरायचे. शर्यत पिवळ्या झेंड्याखाली, म्हणजे सगळे हळू ओळीने चालत असताना, रटाळपणे संपू द्यायची नाही, शेवटच्या दोन फेऱ्या हिरव्या झेंड्याखाली पूर्ण वेगातच व्हायच्या, हा नियमही आधी इथे आला. कपवाल्यांनी तो २००४ मध्ये घेतला.

खवटराव, आणि तुमच्यासाठी : १९९५ मध्येच कोलोरॅडोच्या छोट्या ओव्हलवर बुच मिलरने स्किनरला ०.००१ सेकंदाने हरवलं होतं. गोल गोल फिरूनच.

पण माझा आवडता किस्सा रॉन हॉर्नडेचा. चार अजिंक्यपदं, १९९६, १९९८, २००७ आणि २००९. नॅस्कारचा दिग्गज चालक डेल अर्नहार्टने त्याला टीव्हीवर बघून फोन केला आणि नोकरी दिली, हे तर प्रसिद्धच आहे. त्याच्या नॉर्थ कॅरोलिनातल्या घरातला सोफा मात्र त्याच्याहून प्रसिद्ध. कॅलिफोर्नियाहून नशीब काढायला आलेली पोरं त्या सोफ्यावर झोपायची. त्यातला एक केव्हिन हार्विक, दुसरा जिमी जॉन्सन. दोघेही पुढे कपचे विजेते. जॉन्सन तर सात वेळा.

कृष्णाकाठ :

सोफ्याचा किस्सा अण्णांना फोनवर सांगितला. वाशीच्या मार्केटात त्यांच्या गाववाल्याच्या गाळ्याच्या पोटमाळ्यावर असे बरेच जण झोपायचे म्हणे. "त्यातला सात वेळा कोण जिंकला न्हाई, पर दोघांचं गाळं झालं."

बाळ्या, एक विचारायचं होतं. आमच्या शेजारी बसलेले एक आजोबा फेब्रुवारीतल्या डेटोनाच्या शर्यतीवरून फार चिडलेले होते. कुणाचा तरी विजय काढून घेतला म्हणे. माझ्या डोक्यावरून गेलं.

डेट्रॉइटचा_बाळ्या :

पार्कर क्लिगरमन. १४ फेब्रुवारी २०२५, मोसमाची पहिलीच शर्यत. पूर्णवेळ धावणं सोडलेला माणूस, संघ छोटा, ७५ नंबरचा ट्रक. डेटोनाला सगळ्यांच्या आधी रेषा ओलांडली, विजेत्याच्या चौकात जल्लोष झाला, फोटो झाले. मग तपासणीत ट्रकची मागची उंची कमी भरली. बाद. विजय दुसऱ्या आलेल्या कोरी हाइमला. संघाने दाद मागितली, ती फेटाळली गेली. हाइमने पुढे त्या मोसमात डेटोना धरून १२ शर्यती जिंकून विक्रम केला आणि अजिंक्यपदही नेलं, म्हणजे त्याला या एका विजयाची गरजही नव्हती. क्लिगरमनला होती. म्हणून आजोबा चिडले असणार.

खवट_शेजारी :

चिडायचं काय त्यात? उंची कमी म्हणजे कमी. परीक्षेत कॉपी सापडली तर गरीब घरचा आहे म्हणून पास करतात का?

डेट्रॉइटचा_बाळ्या :

कॉपी कुणी म्हटलं? मुद्दाम केलं असं मी तरी म्हणणार नाही. डेटोनाच्या उतारावर गाडी इतकी दाबली जाते, आपटते, की सुटताना होती तेवढी उंची परत येताना राहीलच असं नाही.

नटबोल्ट_चाकण :

मी इथे खवटरावांच्या बाजूने. मागचा भाग खाली बसला की मागच्या पट्टीला, म्हणजे स्पॉयलरला, हवा कमी लागते आणि गाडी सुसाट सुटते. डेटोनाला हा फायदा सोन्याच्या भावाचा. मुद्दाम असो की स्प्रिंग बसल्याने असो, फायदा तोच. म्हणून मोजणारा कारण विचारत नाही, फक्त मोजतो. पूर्वी दंड करून विजय तसाच ठेवायचे, त्यामुळे प्रेक्षक घरी गेल्यावर मंगळवारी काहीतरी कागद निघायचा. २०१९ पासून थेट बाद करतात.

त्याच वर्षी जूनमध्ये आयोवाला रॉस चॅस्टेनचं हेच झालं, त्याची पुढची उंची कमी भरली आणि विजय ब्रेट मॉफिटला गेला. चॅस्टेनचं घराणं फ्लोरिडातलं, आठ पिढ्या कलिंगडाची शेती. जिंकला की तो ट्रकवर चढून कलिंगड जमिनीवर आपटतो. आयोवाचा विजय गेला आणि पुढच्याच शर्यतीत, सेंट लुईसजवळच्या गेटवेला, तो पुन्हा जिंकला. कलिंगड पुन्हा फुटलं. हे मला कुठल्याही अपिलापेक्षा आवडलं.

आंबोळी_४११ :

कलिंगडाचा भाव बघता आपल्याकडे ही प्रथा परवडणार नाही.

कृष्णाकाठ :

उंचीचा प्रश्न अण्णांच्या कोर्टात नेला. निकाल असा : "काट्यावर जे भरलं त्ये भरलं. मी रडलो असतो तर काय पावती फाडायची ऱ्हायली असती? पर पाटे बसत्यात, ह्ये बी खरं." म्हणजे दोन्ही पार्ट्या खूश.

नटबोल्ट_चाकण :

अण्णांना सांगा, यात पाटे नसतात, गुंडाळीच्या स्प्रिंगा असतात. पण त्याही बसतात.

पायवाट_पाऊस :

वाचतेय शांतपणे. मला एकच वाटलं, इतकी माणसं यात जातात त्याचं काय? लहान मुलंही चालवतात म्हणे.

डेट्रॉइटचा_बाळ्या :

छोट्या ओव्हलवर सोळाव्या वर्षी उतरता येतं, मोठ्यांवर नाही. कोल कस्टरने २०१४ मध्ये न्यू हॅम्पशायरला सोळाव्या वर्षी शर्यत जिंकली होती. अठराला गाडीची चावी दिली म्हणून आमच्याकडे घरात भांडण झालं होतं.

धोका आहेच, नाही कशाला म्हणू. २००० च्या फेब्रुवारीत ट्रक पहिल्यांदा डेटोनाला गेले तेव्हा जेफ बोडाइनचा ट्रक उडून जाळीत गेला, पेटला, गडगडत राहिला. तो वाचला, आणि परत येऊन चालवला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टेक्सासला टोनी रोपर गेला. त्यानंतर मानेला धरून ठेवणारं हान्स यंत्र सक्तीचं झालं आणि काँक्रीटच्या भिंतींपुढे धक्का शोषणाऱ्या सेफर भिंती आल्या.

एक सांगतो. १९९७ च्या मार्चमध्ये होमस्टेडच्या ट्रक शर्यतीत जॉन नेमेचेकचा अपघात झाला आणि काही दिवसांत तो गेला. त्याचा भाऊ जो, तोही चालक. तीन महिन्यांनी जोला मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं जॉन हंटर. तो पोरगाही ट्रकच चालवायला लागला. २०१८ मध्ये मार्टिन्सव्हिलच्या वसंतातल्या शर्यतीत बर्फ पडला, उरलेली शर्यत सोमवारी झाली, आणि घरच्या संघाच्या ट्रकमध्ये तो जिंकला. ती शर्यत मी ऑफिसात कामाच्या खिडकीमागे लपवून बघत होतो.

पायवाट_पाऊस :

काकाचं नाव घेऊन त्याच गाडीत बसायचं. आईचं काय होत असेल.

सातवा_गिअर :

थोडं हलकं. सध्या एक राजा करुथ म्हणून पोरगा आहे. नाव वाचून मी उडालोच होतो, पण आपला नाही, वॉशिंग्टनचा. घरात कुणी गाडी पळवणारं नाही. संगणकावरच्या शर्यतींमधून वर आला आणि २०२४ मध्ये लास वेगासला खरी जिंकला. नॅस्कारच्या राष्ट्रीय मालिकांमध्ये जिंकणारा तिसराच कृष्णवर्णीय चालक. दुसरा बब्बा वॉलेस, त्याचा पहिला विजय २०१३ चा, ट्रकचाच. आणि तोही कुठे? मार्टिन्सव्हिललाच. पहिला वेंडेल स्कॉट, १९६३ मध्ये. मध्ये पन्नास वर्षं कोरडी.

माझा मुलगा दिवसभर तेच गेम खेळतो. आता त्याला ओरडायची सोय राहिली नाही.

खवट_शेजारी :

इतकं वाचल्यावर काल रात्री एक जुनी शर्यत पूर्ण बघितली. पहिल्या पन्नास फेऱ्यांत झोप आली होती हे प्रांजळपणे सांगतो. मग एक जण मागून दुसऱ्याच्या मागच्या कोपऱ्याला हलकेच टेकला, तो अर्धा फूट बाहेरच्या बाजूला सरकला, आणि हा आतून निघून गेला. आपटला नाही, फिरवला नाही, फक्त सरकवला. हे मी तीनदा मागे नेऊन बघितलं. हे शिस्तीत बसतं का?

नटबोल्ट_चाकण :

सरकवला तर कसब, फिरवला तर भांडण. आत राहिलेल्याचा रस्ता छोटा, आणि बाहेर फेकला गेलेला टायरच्या रबराच्या गोळ्यांवर घसरतो, त्याला परत आत शिरायला जागा मिळेपर्यंत चार-पाच जण निघून गेलेले असतात. एसटीत चौथी सीट मागताना नुसतं "सरका जरा" म्हणायचं असतं, धक्का द्यायचा नसतो. तसंच.

आंबोळी_४११ :

कृष्णाकाठ, त्या घड्याळाचं काय करतात हो? वीस-वीस वेळा जिंकणारे असतील तर घरात ठेवतात कुठे? आमच्या दोन खोल्यांत तर घड्याळ आलं की आम्ही बाहेर.

कृष्णाकाठ :

अण्णांनी त्या रात्री गाडीत हेच विचारलं होतं. त्यांचा प्रश्न जरा वेगळा : "नेतो कसा? ह्याच्या ट्रकचा हौदा तर झाकलाय."

आज परत फोन झाला. पुढच्या मार्चला या म्हटलं, शर्यती दाखवते. थंडी, गुडघे, विमानातलं जेवण अशी सगळी कारणं सांगून झाली. मग जरा थांबून म्हणाले, "मागल्या टायमाला मधली तिकिटं काढल्यालीस. मधी बसून काय दिसतंय? वळणावरची काढ."